नव्या घरात कामाला मावशी लावताना: आधी काम मोजा, मग पगार बोला

वास्तुशांतीचा मांडव निघतो, पाहुणे जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा ढीग, रिकामी खोकी आणि सगळ्या फरशीवर पांढरी भुकटी उरते. त्या धांदलीत कुणीतरी सांगितलेल्या बाईंना "उद्यापासून या" म्हटलं जातं. प्लॉट केवढा, खोल्या किती एवढ्यावर पगार ठरतो. पहिल्या महिन्यात त्या मावशी गवंड्याची आणि रंगाऱ्याची राहिलेली घाण काढतात, दुसऱ्या महिन्यात कंबर धरते आणि तिसऱ्या महिन्यात त्या यायच्या बंद होतात. मग नव्या कॉलनीत नाव होतं की या घरात बाई टिकत नाही, आणि पुढची मिळणं आणखी अवघड जातं.

नव्या घरात दोन वेगळी कामं असतात. एक बांधकामाची सफाई. ती एकदाच होते, जड असते आणि तिला माहिती लागते. दुसरं रोजचं काम: धुणं, भांडी, केर-फरशी. दोन्ही एकाच पगारात, एकाच माणसावर टाकली की बिनसतं. म्हणून पहिलं काम उक्तं द्या आणि दुसऱ्यासाठी राहायला गेल्यावर दहा-पंधरा दिवस थांबा.

बांधकामाची सफाई

रंगारी, सुतार आणि वायरमन तिघांचंही काम संपल्याशिवाय मोठी सफाई करून घेऊ नका. सुताराने एक फळी जरी कापली तरी भुसा साऱ्या घरात जातो. फर्निचर उशिरा होणार असेल तर सफाईचे दोन टप्पे करा: फर्निचरच्या आधी जड, नंतर हलकी. साधारण १,२०० चौरस फुटांच्या एकमजली घराला चार माणसांचा एक पूर्ण दिवस किंवा दोघांचे दोन दिवस धरा. दर उक्ता ठरवा आणि त्यात काय काय येतं ते आधी बोला. खिडक्यांच्या चॅनेल, पंखे, कपाटांचा माथा, बाथरूमच्या टाइल्स, टेरेस, पार्किंग ही नावं घेऊनच बोला. "सगळं घर" या शब्दावर ठरलेलं काम हमखास भांडणात जातं.

सामान आपण आणून ठेवलेलं बरं. एवढ्या घराला दोन केरसुण्या, अंगणासाठी एक खराटा, चार बादल्या, पंधरा-वीस जुनी सुती फडकी, रंगाचे दोन इंची जुने ब्रश, प्लॅस्टिकची खरवडणी, आणि प्रत्येकाला रबरी हातमोजे व धुळीचा मास्क. जुन्या सुती साड्या फाडून केलेली फडकी विकतच्यापेक्षा जास्त पाणी शोषतात.

क्रम वरून खाली, आणि आधी कोरडं, मग ओलं. छत, पंखे, कपाटांचे माथे, खिडक्या, भिंती, दारं, आणि शेवटी फरशी. पुट्टी किंवा पीओपीच्या भुकटीवर पाणी पडलं की तिची खळ होते, कोपऱ्यात आणि सांध्यात जाऊन बसते आणि वाळली की खरवडून काढावी लागते. सरकत्या खिडक्यांच्या चॅनेलमध्ये तर आधी पाणी कधीच घालू नका. तिथली वाळू ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने किंवा सुपलीत ओढून घ्या, मगच ओलं फडकं फिरवा. नाहीतर वाळूचा चिखल चाकांत जातो आणि नवी खिडकी पहिल्याच पावसाळ्यात अडकते. स्विचबोर्ड पुसताना मेन स्विच बंद हवा आणि फडकं कोरडंच हवं.

पाण्याला हात लावण्याआधी बाथरूममधल्या प्रत्येक नहाणी ट्रॅपवर (फरशीतलं पाणी जायचं तोंड) आणि गॅलरीच्या जाळीवर फडकं घट्ट बसवा. फरशीवरचं सिमेंटचं पाणी सुपलीने बादलीत भरून बाहेर मातीवर ओता. सिमेंट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, त्यामुळे ट्रॅपमध्ये गेलेलं सिमेंट तिथेच धरतं. सहा महिन्यांनी पाणी तुंबलं की दोष प्लंबरला दिला जातो, पण घोटाळा बऱ्याचदा या पहिल्या धुण्यात झालेला असतो.

टाइल्सवरच्या सिमेंटच्या डागांवर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा, मग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. प्लॅस्टिक पेंटचे थेंब कोमट पाण्याने सुटतात. ऑइल पेंटला फडक्यावर थोडं टर्पेंटाइन लागतं आणि त्या वेळी खिडक्या उघड्या हव्यात.

ॲसिडबद्दल मात्र ठाम राहा. गवंडी जाताना सांगून जातात, "ॲसिड मारा, चकाचक होईल." दुकानात सुटं मिळणारं ॲसिड टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खातं, नळांची चकाकी घालवतं, आणि त्याच्या वाफेने स्टीलचं सिंक, बिजागऱ्या गंजतात. संगमरवर, कोटा आणि शहाबादी हे तिन्ही चुन्याचे दगड. त्यांच्यावर ॲसिड पडलं की पॉलिश जागच्या जागी जातं, आणि ते पुसून परत येत नाही, घासायचं मशीनच आणावं लागतं. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. दोन्ही वस्तू एका वेळी घरात ठेवूच नका.

आणखी दोन कामं सफाईला आलेल्या कुणालाही करायला सांगायची नाहीत: पाण्याच्या टाकीत उतरणं आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीची काच बाहेर वाकून पुसणं. टाकी धुणारे वेगळे असतात, त्यांच्याकडे पंप आणि दोर असतो. आणि जिन्याला, गच्चीला कठडा बसलेला नसेल किंवा डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) उघडा असेल तर आधी ते काम करा, सफाई थांबू शकते.

एवढं करूनही पुढचे दोन-तीन आठवडे फरशीवर पांढुरकी झाक येत राहते. भिंतींतून, फटींतून धूळ खाली बसत असते आणि सांध्यांतून क्षारही वर येतात. तो पुसणाऱ्या बाईंचा दोष नाही. नव्या घरातली पहिली कुरबूर इथूनच सुरू होते: "फरशी नीट पुसत नाहीत." साबण किंवा फिनेल वाढवून ही झाक जात नाही, उलट चिकट थर बसतो आणि त्यावर पावलं उमटतात. खोलीगणिक पाणी बदलून साध्या पाण्याने दोनदा पुसणं हाच उपाय.

मावशी मिळणार कुठून

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशा जुन्या वस्तीत घर बांधलं असेल तर प्रश्न सोपा आहे. गल्लीत चार घरी कामाला येणाऱ्या मावशींना पाचवं घर चालतं. अवघड आहे ते कळंबा, पाचगाव, उचगाव, उजळाईवाडीच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये घर झालेल्यांचं. तिथे दहा प्लॉटमध्ये तीन घरं उभी असतात, केएमटी (शहर बस) कमी फेऱ्यांची, वडाप (शेअर जीप) मुख्य रस्त्यापर्यंतच, आणि पुढचा कच्चा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. एका घराच्या दीड तासाच्या कामासाठी येण्याजाण्यात तास घालवणं कुणालाच परवडत नाही. पगार थोडा वाढवूनही हा हिशोब जुळत नाही.

जुळतो तो घरं जोडल्यावर. पगार बोलायच्या आधी शेजारच्या दोन-तीन घरांशी बोला. तिघांनी मिळून एकाच मावशींना सलग वेळा दिल्या, म्हणजे साडेआठ ते दहा, दहा ते साडेअकरा, साडेअकरा ते एक, तर त्यांचं एका फेरीत साडेचार तासांचं काम होतं आणि त्या टिकतात. जाण्यायेण्याचं भाडं तिघांत वाटून वेगळं द्या. प्रत्येकाला सकाळी आठचीच वेळ हवी असेल तर हे जमणार नाही. कुणीतरी अकराची वेळ घ्यावी लागते. महापालिकेचं पाणी कुणाकडे कधी येतं ते पाहून धुण्याचं घर आधी घ्या.

विचारायच्या जागा: पिठाची गिरणी, दुधाची डेअरी, किराणा दुकान, इस्त्रीवाले आणि जवळच्या गावातला महिला बचत गट. गिरणीत बायकांची रोज ये-जा असते, कुणाला कामाची गरज आहे ते तिथे सगळ्यांच्या आधी कळतं. एजन्सीमार्फत जायचं असेल तर तीन गोष्टी लेखी घ्या: एजन्सीची फी किती, बाई सोडून गेल्या तर किती दिवसांत दुसरी देणार, आणि बाईंच्या पगारातून एजन्सी काही कापून घेते का. कापून घेत असेल तर थेट त्या बाईंना विचारून खात्री करा.

शेजारच्या साइटवरच्या वॉचमनची बायको नव्या कॉलनीत लगेच मिळते, चालत येते, गरजूही असते. कामाला जरूर घ्या, पण हे जाणून घ्या की ती इमारत पूर्ण झाली की कुटुंब पुढच्या साइटवर जातं. स्लॅब कितवा चालू आहे हे विचारलं की किती महिने मिळतील त्याचा अंदाज येतो. तिच्यासोबत लहान मूल असेल तर ते कुठे बसेल हेही पहिल्या दिवशीच ठरवा. उघडी टाकी, वायरी, पडलेले खिळे यांपासून ते मूल लांब राहील अशी जागा द्यायची जबाबदारी आपलीच.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. आमचा सल्ला तर अठरा पूर्ण असल्याशिवाय घेऊच नका. हा विषय बहुतेक वेळा बदलीतून येतो: "आज मला बरं नाही, पोरगी येईल." तिला आल्या पावली शाळेत पाठवा, मावशींना विश्रांती घेऊ द्या आणि तो खाडा कापू नका.

काम मोजायचं कसं

राहायला गेल्यावर पंधरा दिवस घर स्वतः चालवा आणि घड्याळ लावून पाहा. हे कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पगाराचा आकडा हवेतला असतो.

रात्री आणि सकाळी मोरीत किती भांडी पडतात ती मोजा. चार माणसांच्या घरात नाष्टा, दोन चहा आणि दोन वेळचं जेवण धरून पन्नास-साठ नग होतात. ती घासून, विसळून, पालथी घालायला अर्धा-पाऊण तास. १,२०० चौरस फुटांचा केर पंधरा-वीस मिनिटं, फरशी अर्धा तास. जिना, पार्किंग, अंगण, गच्ची धरली की वेळ वाढते, आणि नव्या बंगल्यात हीच कामं बोलताना राहून जातात. दुमजली घरात वरच्या मजल्यावर नळ नसेल तर बादली घेऊन चढण्या-उतरण्याची वेळही मोजा. कपडे मशीनला असतील तर फक्त वाळत घालणं, हाताने असतील तर ते पूर्ण वेगळं काम.

आपल्याकडे दर कामागणिक ठरतात: भांडी एक काम, धुणं एक, केर-फरशी एक. गल्लीतल्या तीन घरी चालू दर विचारा आणि मधला धरा. मग तो तासावर आणून पाहा. आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत: दोन कामांचे मिळून महिना ३,६०० रुपये ठरले, रोज दीड तास आणि महिन्याचे २८ दिवस, तर ४२ तास झाले. तासाला साधारण ८६ रुपये पडले. काम दोन तासांचं निघालं तर तेच ३,६०० रुपये ५६ तासांना विभागून तासाला ६४ होतात. मावशी दोन महिन्यांत का सोडून गेल्या याचं उत्तर बऱ्याचदा या भागाकारात असतं.

बोलणं करताना

वेळ, कामं, पगाराची तारीख, सुट्ट्या, सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, एवढं एका कागदावर मराठीत लिहा, वाचून दाखवा, एक प्रत त्यांना द्या. सही घ्यायलाच हवी असं नाही. कागद असला की सहा महिन्यांनी आठवणीवरून वाद होत नाही.

कोल्हापुरात काही गोष्टी नावानिशी बोलाव्या लागतात. पहिली, रविवारचं मटण. आठवड्याची सुट्टी रविवारीच मागितली जाते, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची तेलकट पातेली, कुकर, तवे त्याच दिवशी पडतात. सुट्टी रविवारीच ठेवायची असेल तर मटणाची भांडी घरच्यांनी लगेच गरम पाणी घालून, तेल कागदाने पुसून, विसळून ठेवायची. ती सोमवार सकाळपर्यंत थिजली तर दोन दिवसांची भांडी आणि वर थिजलेली चरबी असं दुप्पट काम होतं. सिंकमध्ये तेल ओतलं तर नव्या पाइपात ते आतल्या बाजूला धरतं, तेही वेगळंच. सुट्टी मधल्या वारी देता आली तर दोघांचंही सोपं होतं. काही मावशी मांसाहाराची भांडी घासत नाहीत. हे आधी विचारा, नंतर रागावू नका.

दुसरी, गावची यात्रा. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र, गौरी-गणपती आणि प्रत्येकीच्या माहेर-सासरची यात्रा. आसपासच्या गावांतून येणाऱ्यांना आषाढात भात लावणीला शेतावर जावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर समोर ठेवून या तारखांवर खूण करा. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या आणि सणांच्या ठरलेल्या वेगळ्या, ही किमान पद्धत ठेवा. आजारपण यात मोजू नका.

तिसरी, पाहुणे आणि कार्यक्रम. पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहिले तर रोजचे जादा पैसे किती, ते आधीच ठरवा. वास्तुशांत अजून व्हायची असेल तर त्या दिवशीचं वाढप आणि भांडी नव्या मावशींच्या गळ्यात घालू नका. दोन बायका त्या दिवसाच्या मजुरीवर घ्या. मंडपवाल्याची भांडी मोजून घेणं-देणं घरच्याच कुणीतरी पाहावं, कारण एखादी परात हरवली तर संशय सगळ्यात नव्या माणसावर जातो.

सुरुवातीचे तीन दिवस पगारी चाचणीचे ठेवा. पटलं नाही तर तीन दिवसांचे पैसे हातात ठेवून नमस्कार. चाचणीचे दिवस फुकट करून घेणं चूक आहे.

ओळख आणि पोलीस नोंद

पहिल्या भेटीत पूर्ण नाव, सध्याचा पत्ता, घरच्या एका माणसाचा नंबर आणि आधी कुठे काम केलं त्या घराचा नंबर घ्या. आधार कार्डाची प्रत त्यांना सांगून, कशासाठी ते समजावून घ्या. मूळ कार्ड कधीच ठेवून घेऊ नका. जुन्या घरी फोन करून "कशा आहेत?" एवढंच विचारलं तर "बऱ्या आहेत" एवढंच कळतं. काम का सुटलं, वेळेवर यायच्या का आणि पगाराची बाकी कुणाकडे राहिली का, हे विचारा. जुन्या घरानेच पैसे अडवले असतील तर त्यांच्या तक्रारीचं वजन किती, ते आपोआप कळतं.

माहिती फोटोसह आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्या. शहरात हद्दी जुना राजवाडा, शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी अशा ठाण्यांत वाटलेल्या आहेत, तर शहराबाहेरची बरीच गावं करवीर ठाण्याकडे येतात. नव्या घराचा पत्ता अजून कुणाला माहीत नसतो, म्हणून जवळची खूण आणि गट नंबर किंवा प्लॉट नंबर लिहा. मावशींना हे आधी सांगा, आणि असंही सांगा की घरी येणाऱ्या प्रत्येकाची अशी नोंद करतो.

जात विचारू नका. थेट नको आणि आडनावावरून, गावावरून आडवळणानेही नको. चहासाठी वेगळा कप, दारामागे ठेवलेली वेगळी ताटली हेही नको. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन शाहू महाराजांनी चहा घेतला, ते हेच गाव. नव्या घराच्या कपाटात पहिल्यांदा कप लावतानाच हे ठरवून टाका.

बांधकामाच्या काळात घराच्या किल्ल्या दहा जणांच्या हातून फिरलेल्या असतात. मावशी यायच्या आधी मुख्य दाराचं कुलूप बदला. नाहीतर पुढे काही गेलं तर खरं काय ते कधीच कळणार नाही आणि बिचाऱ्या एका बाईंवर आळ येईल. कॅमेरे लावले असतील तर कुठे आहेत ते दाखवा. त्या जिथे बसतात, पदर-साडी सावरतात तिथे कॅमेरा नको.

घर कामाच्या सोयीचं करा

फिनिशिंगची कामं चालू असतानाच हे जमलं तर उत्तम. भांडी घासायची जागा ओटीपोटाच्या उंचीला असली तर उभ्याने घासता येतं. खाली बसून घासायची मोरी असेल तर आठ-नऊ इंचांचा पाट द्या आणि नळाची तोटी दीड-दोन फुटांवर ठेवा. उतार नीट नसेल तर पाणी पायाशी साचतं, बारा महिने ओल्यात उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात. वॉशिंग मशीनच्या पॉइंटला अर्थिंग आहे का आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चालतो का, हे वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या हातांनी तिथे काम होणार आहे.

पिशवी अडकवायला एक हुक, चपला ठेवायला कोरडी जागा, प्यायचं पाणी, आणि वापरता येईल असं संडास. शेवटची गोष्ट न विचारता पहिल्या दिवशी दाखवा. चार घरांची कामं करणाऱ्या कितीतरी बायका संडासाची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि त्याचा परिणाम थेट मूत्रपिंडावर होतो.

फडकी चार रंगांची ठेवा: ओटा, जेवणाचं टेबल, फरशी, बाथरूम. खुंट्याही वेगळ्या. सांगून जे लक्षात राहत नाही ते रंगाने राहतं.

नव्या वस्तूंची माहिती करून घेण्याची जबाबदारी आपली. मॉड्युलर किचनच्या दारांवर तारेची घासणी चालत नाही, मऊ फडकं आणि पातळ साबण बास. प्लायवूडच्या दारांच्या तळाशी आणि ट्रॉलीखाली पाणी ओतून धुतलं की प्लाय फुगतो, तिथे पिळलेलं फडकंच हवं. देवघर संगमरवराचं असेल तर समया, निरांजनं, ताम्हण चिंचेने किंवा लिंबाने घासताना खाली ताट ठेवा. आंबट पाण्याचा थेंब संगमरवरावर पडला की तिथे कायमचा निस्तेज ठिपका राहतो. कोट्याच्या फरशीचंही तेच. ग्रॅनाइटचा ओटा आंबटाला फारशी दाद देत नाही, पण सांध्यांत हळदीचं पाणी मुरतं. हे सगळं पहिल्या दिवशी एका दमात सांगू नका. एक दिवस ओटा, एक दिवस बाथरूम असं बरोबर उभं राहून एकदा करून दाखवा.

फिनेल पाच लिटर पाण्याला एक झाकण पुरतं. हातमोजे, घासणी, केरसुणी झिजायच्या आधी बदला. मोडकी केरसुणी देऊन केर राहतो म्हणणं योग्य नाही.

वर्षभराचे पैसे

पगार १ ते ५ तारखेच्या आत, न मागता. रोख की खात्यावर हे त्यांनाच विचारा, आणि खात्यावर असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या नावाचं असावं.

खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्यासमोर मांडा. ३,६०० रुपये पगाराला ३० ने भागून दिवसाचे १२० होतात. महिन्यात पाच खाडे झाले, दोन पगारी सुट्ट्या वजा केल्या, तर तीन दिवसांचे ३६० रुपये कापायचे. आपणच गावाला गेलो आणि घर बंद ठेवलं तर तो खाडा नाही, पूर्ण पगार द्यायचा. त्यांनी आपली वेळ राखून ठेवलेली असते.

उचल मागितली जाते, विशेषतः जूनमध्ये शाळेच्या तोंडावर आणि लग्नसराईत. देता येईल तेवढी द्या, पण फेड बेताची ठेवा. ६,००० रुपयांची उचल महिना १,००० ने सहा महिन्यांत फिटते, पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. रक्कम, तारीख आणि फिटलेला हप्ता एका वहीत दोघांनी पाहून लिहा. मोठी उचल देऊन बाईंना बांधून ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. त्यातून काम नीट होत नाही आणि माणूस अडकतो.

दिवाळीला वर्ष पूर्ण झालेल्यांना एक पगार बोनस, कमी महिने झाले असतील तर त्या प्रमाणात. पगारवाढ दरवर्षी ठरलेल्या महिन्यात आपणहून करा. राहायला आलेल्या घरात तिसऱ्या महिन्यानंतर एकदा काम परत मोजा. धूळ कमी झालेली असते, पण आजी-आजोबा राहायला आलेले असतात किंवा बाळ झालेलं असतं. काम वाढलं असेल तर पगार तेव्हाच वाढवा, वर्षाची वाट पाहू नका.

पंचगंगेचा पूर हा इथला वेगळाच विषय. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्या वस्त्यांत पाणी शिरलं त्यांत घरकाम करणाऱ्या अनेक कुटुंबांची घरं होती. नवं घर उंचावर बांधलं म्हणून आपण कोरडे असतो, पण मावशी स्थलांतरात असतात. ते दिवस पगारी धरा आणि पाणी चढायला लागलं की आपणच फोन करून "येऊ नका, सामान हलवा" सांगा.

महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची मंडळाकडे नोंदणी होते, त्यासाठी कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करावी लागते. तिथे काम करत असल्याचा दाखला लागतो, तो तुम्ही द्या. दोन ओळी पुरतात: नाव, कोणतं काम, कधीपासून, आणि तुमची सही व पत्ता. असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम कार्डही मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर घरबसल्या निघतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये असून १८ ते ७० वयाला अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण आहे. तो त्यांच्या बँक खात्यातून कापला जातो. तेवढे पैसे दरवर्षी मेअखेर त्यांच्या खात्यात शिल्लक असतील एवढं पाहा, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घरातल्या पुरुषांना, आणि अजून ये-जा करणाऱ्या सुतार-रंगाऱ्यांनाही, याची कल्पना द्या. कारागीर घरात असताना मावशींना एकटं ठेवून बाहेर जाऊ नका. त्या दिवशी त्यांची वेळ बदला आणि आदल्या दिवशीच फोन करून कळवा.